काखेतलं लिंबू

अकोले तालुक्यात, आढळा नदीच्या खोऱ्यात एक गाव आहे. त्या गावात एक तरणा पैलवान राहायचा. वय एकोणीस. घरची चार एकर जमीन, तीत टोमॅटो आणि कांदा. गोठ्यात दोन म्हशी आणि डांगी बैलांची जोडी. संध्याकाळी दूध डेअरीला जायच्या आधी त्याचा तांब्या बाजूला निघायचा. धाकट्या बहिणीला चहापुरतं मिळायचं, त्याला तांब्याभर. घरात पैलवान पोसायचा म्हणजे बाकीच्यांनी थोडं थोडं कमी खायचं असतं. पैलवानाच्या ते ध्यानात राहतंच असं नाही.

पहाटे चारला तो तालमीत हजर असायचा. मारुतीच्या देवळाला लागून पत्र्याची लांबट खोली होती आणि आत लाल मातीचा हौद. माती वस्ताद स्वतः तयार करायचे. चाळलेल्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबं मुरवायची, रोज फावड्यानं उकरून ती मऊ ठेवायची. हे काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी नगर, नाशिक, पुणे असे तिन्ही जिल्ह्यांचे फड गाजवले होते. त्यांचे कान फुटलेले होते आणि बोलणं मोजकं होतं.

डावांत पोराचा पट चांगला होता. एकलांगी त्याहून चांगली. दम होता, ताकद होती. खोड एकच होती. त्याला पडणं सोसायचं नाही.

तालमीतल्या सरावातसुद्धा तो पाठ लागू द्यायचा नाही. आपण पडतोय असं वाटलं की त्याचा उजवा हात झटकन मागं जायचा आणि मातीवर टेकायचा. त्या हातावर अंग तोलून तो वळायचा आणि सुटायचा. बघणारे म्हणायचे, "काय चपळ गडी आहे!" वस्ताद म्हणायचे, "पोरा, तो हात आवर." पोरगं मान डोलवायचं. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा मागं.

त्याचंही खरं होतं. जत्रेतली मातीची कुस्ती निकाली असते. तिथं गुण मोजत नाहीत. दोन्ही खांदे मातीला लागले की गडी चीत आणि कुस्ती संपली. जत्रेत हजार माणूस बघत असतं. अशा वेळी पाठ वाचवायला पैलवान काहीही करतो.

2019 चा चैत्र आला. गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. दुपारी हलगी कडाडली. आधी रेवड्यांवर बारक्या पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग नारळावर, मग पन्नास-शंभरावर. आपल्या पोराची कुस्ती पाचशे एक रुपयांवर लागली. समोरचा गडी सिन्नरकडचा होता, थोराड, शांत.

सलामी झाली. दोघांनी माती घेतली. थोडा वेळ गर्दनखेच झाली. मग सिन्नरच्या गड्यानं पोराचा डावा हात काखेत दाबला, पाय आत घातला आणि ढाक लावली. पोरगं हवेत गेलं. उजवा हात सवयीनं मागं गेला आणि मातीवर टेकला. त्या एका ताठ हातावर दोन पैलवानांचं वजन आलं.

खांदा निखळला. कडेला बसलेल्यांनी आवाज ऐकला. खांद्याचा गोलवा गेला होता आणि तिथं कोपरा आल्यासारखं दिसत होतं. गर्दीतून एक जण बाह्या सरसावून पुढं आला. म्हणाला, "ओढून बसवतो, आत्ता बसेल." वस्तादांनी त्याला हातानं अडवलं. बरं केलं. निखळलेला खांदा असा मैदानात ओढला तर शीर दुखावते, हाड मोडतं, आणि मग हात कायमचा जाऊ शकतो. वस्तादांनी आपला फेटा सोडला, हात छातीशी बांधला आणि पोराला जीपमध्ये घालून संगमनेरला नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला, खांदा बसवला, हात झोळीत घातला. ते म्हणाले, "तीन आठवडे झोळी. मग व्यायाम. मी सांगेन तेव्हाच कुस्ती. या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायला वेळ लागत नाही."

पोरानं फक्त तीन आठवडे एवढंच ऐकलं.

तीन आठवड्यांनी झोळी सुटली. महिन्याभरात दुखणं गेलं. त्यानं हात वर करून पाहिला, गेला. बादली उचलून पाहिली, उचलली. व्यायामाला तो एकदाच गेला. तिथं त्याला हलक्या रबराची पट्टी ओढायला दिली. त्याला ते बायकांचं काम वाटलं. बायका त्याहून जड कामं रोज करतात, हे तो घरीच बघू शकला असता.

रात्री मात्र उजव्या कुशीवर झोपलं की आत ठणकायचं. सदरा घालताना आधी उजवी बाही घालावी लागायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, वडिलांना, म्हणजे आप्पांना नाही, वस्तादांना तर नाहीच. कुणी विचारलं की म्हणायचा, "दुखत नाही."

नागपंचमीला शेजारच्या गावात कुस्त्या होत्या. वस्ताद त्या दिवशी पंढरपूरला गेले होते. पोरानं लंगोट घेतला आणि गेला. समोरचा गडी त्याच्याहून हलका होता. दोन मिनिटं झाली असतील. गड्यानं पट काढायला हात घातला, पोराचा तोल गेला, हात मागं गेला. खांदा पुन्हा निखळला. या वेळी वजनही फार पडलं नव्हतं.

आता नाशिकला जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी आतला फोटो पडद्यावर दाखवला. खांद्याची खोबण मुळातच उथळ असते. म्हणून तर हात चहूकडं फिरतो, आणि म्हणूनच तो सटकतोही. खोबणीच्या काठाला मऊ कूर्चेची कड असते, ती हाडाच्या डोक्याला आत धरून ठेवते. पोराची ती कड फाटली होती. ऑपरेशन करून ती शिवावी लागली. डॉक्टर म्हणाले, "मी शिवलं. धरायचं काम शरीराचं. त्याला वेळ लागतो. सहा आठवडे झोळी आणि कमीत कमी सहा महिने कुस्ती नाही. सहा महिन्यांनीसुद्धा दोन्ही हातांची ताकद सारखी झाली तरच."

ऑपरेशनचे पैसे टोमॅटोच्या पट्टीतून गेले. बहिणीच्या कॉलेजची फी त्या वर्षी उसनी आणली.

घरी आल्यावर पोरगं पडवीत बसून राहायचं. तालमीच्या वेळेला कूस बदलायचं. वस्ताद दोनदा येऊन गेले. रागावले नाहीत. त्यांनी खांद्याकडं पाहिलं, चहा घेतला आणि गेले. पोराला ते रागावण्याहून जड गेलं.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे कडक होतात. त्या संध्याकाळी ते गरम पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी लावून मळायचे, आणि उद्या जेवायला या असं बैलांना आवतण द्यायचं, ही रीत आहे. आप्पांनी पोराला हाक मारली. पोराचा उजवा हात झोळीत होता. त्यानं डाव्या हातात लोणी घेतलं आणि बैलाचा खांदा मळायला लागला.

त्या बैलाला जुवाखाली जखम झाली होती. आता खपली धरली होती. आप्पांनी खपलीच्या कडेला अंगठा दाबला. बैलाची कातडी थरथरली.

"वरून भरली," आप्पा म्हणाले. "आत ओली आहे. याला अजून जुंपायचा नाही."

"आप्पा, कांद्याचं रान करायचंय ना?"

"ट्रॅक्टर सांगू. नाहीतर उशीर होऊ दे." आप्पांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "याला बोलता येत नाही, तरी मला याचं दुखणं कळतं. तुला बोलता येतं, बाळा. चार महिने तू रात्री कूस बदलत होतास. एकदा तरी सांगितलंस?"

पोरगं काही बोललं नाही. बराच वेळ ते एकाच जागी लोणी मळत राहिलं.

झोळी सुटल्यावर त्यानं डॉक्टरांचा कागद भिंतीला चिकटवला. आधी नुसतं वाकून हात खाली सोडायचा आणि हलके झोके द्यायचे. मग भिंतीवर बोटं चढवायची. दिवाळीनंतर रबर ओढायची पाळी आली. रबराची पट्टी विकत आणायला तालुक्याला जावं लागलं असतं. बहिणीनं सायकलची जुनी ट्यूब कापली आणि दाराच्या कडीला बांधली. कोपर अंगाशी धरायचं, ट्यूब मुठीत घ्यायची आणि हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. दिसायला काहीच नाही. पण पंधराव्या वेळेला पोराच्या कपाळावर घाम यायचा. शंभर किलोचा गडी उचलणारा पैलवान सायकलच्या ट्यूबपुढं थरथरत उभा राहायचा आणि बहीण मोजायची. कोपर अंगापासून सुटलं की ती तो आकडा मोजायचीच नाही.

भिंतीवरचे जोर झाले. गुडघ्यावरचे झाले. डिसेंबरात जमिनीवरचे दहा जोर झाले, त्या दिवशी तो तालमीत गेला.

वस्तादांनी त्याला दोन्ही हात वर करायला लावले, मागं न्यायला लावले, दोन्ही हातांनी आपला हात दाबायला लावला. मग त्यांनी कोपऱ्यातलं फावडं त्याच्या हातात दिलं. "माती उकर."

पोरानं आठवडाभर माती उकरली. मग म्हणाला, "वस्ताद, आता जोड द्या."

"दुखतं?"

"ओझं उचललं की थोडं दुखतं."

वस्तादांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. दुखतं असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. "बरं," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारून ये, मऊ मातीत बसल्या जागेवरून पडलं तर चालेल का."

डॉक्टर हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी मातीसाठी आणलेल्या लिंबांतलं एक उचललं. "हे उजव्या काखेत धर. लिंबू पडू द्यायचं नाही." मग त्यांनी तालमीतली बारकी पोरं बोलावली, दहा-अकरा वर्षांची. "याला पाडा."

पोरांना आधी खरं वाटेना. ज्याच्या मांड्या बघायला ती तालमीत यायची, त्याला पाडायचं? एकानं भीत भीत धक्का दिला. पैलवान उकिडवा बसला होता, तो मागं कलंडला. हात झटकन मागं गेला. लिंबू मातीत पडलं.

"पुन्हा," वस्ताद म्हणाले.

पुन्हा हात गेला. पुन्हा लिंबू पडलं. त्या सकाळी ते एकदाही काखेत टिकलं नाही. पोरं खिदळायला लागली. पैलवानाचे डोळे भरून आले. तो उठला आणि म्हणाला, "वस्ताद, मी पाडायला शिकलो तुमच्याकडं. पडायला कशाला शिकू?"

वस्ताद म्हणाले, "लिंबू उचल."

मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात अवघड वाटतं. रबर ओढणं, जोर मारणं हे कष्टाचं काम आहे, आणि पैलवान कष्टाला भीत नाही. पण ज्या हातानं दहा वर्षं त्याची पाठ वाचवली, त्या हाताला आता छातीशी गप्प बसायला शिकवायचं होतं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात आत घ्यायचा आणि मातीला खुशाल पाठ द्यायची. दोन्ही खांदे मातीला लागू द्यायचे. पैलवानाला याहून मोठी लाज नाही.

रोज तो बारक्या पोरांकडून पडत राहिला. आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं. कधी लिंबू टिकायचं, कधी पडायचं. एकदा ते त्याच्याच अंगाखाली चिरडलं आणि तालीमभर वास सुटला.

तेवढ्यात 7 जानेवारी 2020 चा दिवस आला. पुण्याला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. एक गडी लातूरचा शैलेश शेळके. दुसरा आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोज एकमेकांशी सराव करणारे. कोंभाळणं इथून हाकेच्या अंतरावर. सगळी तालीम टीव्हीपुढं बसली होती. कुस्ती अटीतटीची झाली आणि हर्षवर्धननं ती 3-2 नं जिंकली. चांदीची गदा तालुक्यात आली! पोरं नाचायला लागली. तेवढ्यात पडद्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला उचललं आणि खांद्यावर बसवलं.

सगळे जिंकलेल्याकडं बघत होते. वस्तादांनी पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वर बसलेल्याकडं बघ. काय दिसतं?"

"हरलाय, वस्ताद."

"अंगाला काही झालंय?"

"नाही. धडधाकट आहे."

"पुढच्या वर्षी लढेल?"

"लढेल की."

"मग तू कशाला भितोस?" वस्ताद म्हणाले आणि पोरांना पेढे वाटायला उठले.

त्यानंतर लिंबू कमी वेळा पडायला लागलं. हळूहळू वस्तादांनी मोठ्या गड्यांशी हलक्या जोडी दिल्या. फेब्रुवारीत डॉक्टरांनी दोन्ही हात तपासले. ताकद सारखी होती. हात वर करून मागं दाबला तरी पोराच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. डॉक्टर म्हणाले, "आता हरकत नाही. रबर मात्र सोडायचं नाही."

महाशिवरात्रीला पलीकडच्या गावात जत्रा होती. या वेळी वस्ताद बरोबर गेले. आप्पाही गेले. पंच म्हणाले, "पाचशेवर लावू का याला?" वस्ताद म्हणाले, "नारळावर लावा." लोकांत कुजबुज झाली. पोरानं ती ऐकली. तो खाली बघत मैदानात गेला आणि त्यानं माती कपाळाला लावली.

समोर सतरा वर्षांचा गडी होता, तयारीचा. कुस्ती चांगली झाली. पोरानं दोनदा पट काढला, दोनदा गडी निसटला. तिसऱ्यांदा पोरगं खाली शिरलं आणि गडी त्याच्या पाठीवर आला. त्यानं कंबरेला मिठी मारली, पोराला उचललं आणि बाजूला फेकलं.

उजवा हात मोकळा होता. माती दिसत होती. हजार माणूस बघत होतं. हात टेकला असता तर पाठ वाचली असती.

पोरानं हात छातीशी घेतला. हनुवटी आत ओढली. धप्पकन पाठ लागली. दोन्ही खांदे मातीला टेकले. पंचांनी हात वर केला. हलगी वाजायला लागली आणि जिंकलेल्या गड्याला त्याच्या गावच्या लोकांनी उचललं.

पोरगं क्षणभर तसंच पडून राहिलं. पडल्या पडल्याच त्यानं खांदा फिरवला. एकदा पुढून, एकदा मागून. मग तो कुणाचा हात न धरता उठला, जिंकलेल्या गड्याकडं गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

वस्ताद मैदानात आले. त्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढला आणि पोराच्या डोक्याला बांधला. कडेला बसलेला एक म्हातारा ओरडला, "वस्ताद, फेटा जिंकलेल्याला बांधतात! हा तर हरलाय!"

वस्ताद सावकाश म्हणाले, "बाबा, ज्याला पडता येतं त्यालाच परत येता येतं. हे आज यानं करून दाखवलं."

म्हातारा गप्प झाला. नारळ जिंकलेल्या गड्यानं नेला. आप्पांनी परतताना वाटेत बहिणीसाठी जिलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पोरगं तालमीत आलं. त्यानं माती उकरली आणि लंगोट कसला. वस्तादांनी एकेकाच्या जोडी लावल्या. तालमीतला सगळ्यात जड गडी शेवटी उरला होता. वस्तादांनी त्याला हौदात उतरायला सांगितलं आणि पोराला म्हणाले, "चल, घे सलामी."